तीन हजार हात लांब

जुन्या हस्तलिखितांवर व्याख्यानं देणं हे माझं काम. एरवी हिब्रूतून बोलते, पण इस्राएलमधल्या दिमोना गावातल्या ज्येष्ठांच्या मंडळानं मराठीतूनच बोला अशी अट घातली. समोर सगळे बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, तरुणपणी रायगड-मुंबईहून आलेले. त्यातल्या कित्येकांना तोरा, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं, माझ्यापेक्षा पाठ.

विषय होता मंदिर-गुंडाळी, मंदिराचे आणि राजाचे नियम सांगणारं एक प्राचीन हस्तलिखित. मृत समुद्राकाठी, कुमरानच्या ११ क्रमांकाच्या गुहेत १९५६ साली सापडलेली, आणि १९६७च्या युद्धात पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांच्या हाती येईपर्यंत बेथलेहेमच्या एका व्यापाऱ्याकडे बुटांच्या खोक्यात पडलेली. लांबी आठ मीटरांहून जास्त. हे मी भराभर उरकलं. मला राजाच्या कायद्यावर यायचं होतं.

तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो, तुझा देव परमेश्वर देत आहे त्या देशात तू जाशील तेव्हा अमुक कर. गुंडाळीत तेच वाक्य ‘मी देत आहे त्या देशात’ असं येतं. मोशे मधून गेला, देव स्वतःच बोलू लागला. मूळ कायदा म्हणतो, राजानं पुष्कळ बायका करू नयेत. पुष्कळ म्हणजे किती? गुंडाळीच्या लेखनिकानं तोरातल्याच ‘लेवीय’ या पुस्तकातलं, बायको हयात असताना तिची बहीण सवत म्हणून आणू नये, हे वचन घेतलं, महायाजकाच्या लग्नाचा नियम त्याला जोडला, आणि राजाला एकच बायको ठेवली. तीही बापाच्या घराण्यातली, आणि ती जिवंत असेतो दुसरी नाही.

“म्हणजे मसुदा याचा आणि सही देवाची,” पुढच्या रांगेतले काका म्हणाले. कोर्टात कारकुनी केलेला माणूस.

मला त्यात लबाडी दिसत नाही, आणि तसं मी म्हटलं. पदरचं त्यानं घातलंय खरं: १२ सरदार, १२ याजक, १२ लेवी (मंदिराचे सेवक) अशा ३६ जणांना विचारल्याशिवाय राजानं काही करायचं नाही, हे तोरात कुठेच नाही. पण बायकोचं कलम त्यानं तोरातल्याच धाग्यांनी शिवलंय. सगळी वचनं देवाचीच, तर त्यांच्या जोडणीतून निघेल तेही देवाचंच, असा त्याचा हिशेब. काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

खरी गंमत शौचकूपांवर आली. अनुवादाच्या २३व्या अध्यायात लष्करी छावणीचा नियम आहे: देव छावणीत फिरतो, म्हणून शौचाला बाहेर जा, खड्डा खणा, बुजवा. लेखनिकानं विचार केला, देव मंदिरात राहतो, म्हणजे मंदिराचं अख्खं शहरच छावणी. म्हणून वायव्येला, शहरातून दिसणार नाहीत अशी, छप्पर असलेली शौचघरं बांधायची. अंतर तीन हजार हात, म्हणजे सव्वा किलोमीटरच्याही पुढे.

मागून एक मावशी उठल्या. “अगं, पण शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी, तर दोन हजार हातांपलीकडे चालायचं नाही ना?”

हा प्रश्न यादीननीही हेरला होता. दोन हजारांची मर्यादा रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, पण पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकार जोसेफसनं एसीन या यहुदी पंथाबद्दल लिहून ठेवलंय की ते लोक शब्बाथला शौचाला जातच नसत. कुमरानचे लोक एसीनच होते असं बरेच अभ्यासक मानतात, तेव्हा जुळतं, असं मी सांगितलं.

“म्हणजे त्यांच्यात म्हातारं कुणी नव्हतं,” मावशी म्हणाल्या, आणि खाली बसल्या.