शिकागोचा नळ आणि रस्त्यापासून घरापर्यंतची नळी

लातूरहून शिकागोत आलेल्या माणसाला येथील नळाचे सर्वांत मोठे अप्रूप वाटते ते त्याच्या दाबाचे. पहाटे उघडा किंवा भर दुपारी, पाणी तेवढ्याच जोराने येते; नळ कधी सुटणार हे कोणाला विचारावे लागत नाही, न्हाणीघरात पिंप भरून ठेवावे लागत नाही, आणि टिल्लू मोटार म्हणजे काय हे येथील शेजाऱ्याला समजावून सांगताना बरीच दमछाक होते. हे पाणी मिशिगन सरोवराचे. किनाऱ्यापासून दूर, सरोवराच्या आत बांधलेल्या उद्भवांतून (पाणी घेण्याच्या ठिकाणांतून) ते घेतले जाते, दोन शुद्धीकरण केंद्रांत स्वच्छ होते आणि शहर व उपनगरे मिळून सुमारे ५० लाख लोकांपर्यंत पोहोचते. त्यांतील जार्डिन केंद्र जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांमध्ये गणले जाते. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या या पाण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

अडचण त्यापुढे, अगदी शेवटच्या काही मीटरांत आहे. रस्त्याखालील मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत येणारी जोडणीची नळी शिकागोत अनेक ठिकाणी शिशाची आहे. शिसे मऊ असते, हवे तसे वाकते आणि दीर्घकाळ टिकते, म्हणून ते वापरले गेले; इतकेच नव्हे, तर लहान घरांसाठी शिशाचीच नळी घालावी असा या शहराचा नियम होता आणि १९८६ मध्ये देशभर बंदी येईपर्यंत तो कायम राहिला. आज अशा सुमारे चार लाख जोडण्या येथे जमिनीखाली आहेत, अमेरिकेतील कोणत्याही शहरापेक्षा जास्त. शिशाला रंग नाही, वास नाही आणि पाण्यात उतरते तेवढ्या प्रमाणात चवही नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा नाही, असे येथील आरोग्य यंत्रणाच सांगतात.

पाणीपुरवठा करणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक यंत्रणेने दरवर्षी १ जुलैपूर्वी ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा, असे १९९६ च्या कायदादुरुस्तीपासून येथे बंधन आहे. हा अहवाल प्रत्येकाने वाचावा असाच असतो, पण तो वाचताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. शिशासाठीची कारवाईची पातळी, म्हणजे जिच्यापुढे यंत्रणेला उपाय करावे लागतात ती मर्यादा, १९९१ मध्ये लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठरली (२०२४ च्या नव्या नियमाने ती १० वर आणण्याचे ठरले), आणि ती मोजताना तपासलेल्या घरांपैकी ९० टक्के घरांचे आकडे तिच्या आत असले की शहर उत्तीर्ण होते. उरलेल्या दहा टक्क्यांत आपले घर आहे की नाही, हे त्या अहवालातून कळण्याचा मार्ग नाही. क्लोरीन, नायट्रेट, जंतू यांचे आकडे पूर्ण शहराला बऱ्यापैकी लागू पडतात. शिशाचा आकडा मात्र घरागणिक बदलतो, कारण तो सरोवरातून येत नाही, आपल्याच अंगणाखालच्या नळीतून येतो. म्हणूनच महापालिका मागणीनुसार घरी तपासणीचा संच मोफत पाठवते.

ही नळी लगेच विष ओकत नाही, यामागे एक साधे रसायनशास्त्र आहे. शुद्धीकरण केंद्रात पाण्यात थोडे फॉस्फेट मिसळतात; त्यामुळे नळीच्या आतील भिंतीवर न विरघळणारा पातळ थर बसतो आणि शिसे पाण्यापासून वेगळे राहते. हा थर किती महत्त्वाचा आहे, हे मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने जगाला दाखवले. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी त्या शहराचा उद्भव बदलून स्थानिक नदीचे पाणी सुरू केले गेले, गंज रोखणारे रसायन मात्र घातले गेले नाही, आणि वर्षानुवर्षे जमलेला थर निघून शिसे घराघरांत उतरले. रस्ता खोदून जलवाहिनी बदलताना जुन्या नळीला धक्का बसला, तरी थोड्या प्रमाणात हेच घडते. शिकागोतील घरांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आणखी एक गोष्ट पुढे आली: नळ उघडल्यावरचा पहिला लिटर तपासण्याची जुनी रीत फसवी आहे, कारण तो लिटर घरातल्या तांब्याच्या नळ्यांतला असतो आणि रात्रभर शिशाच्या नळीत मुरलेले पाणी त्याच्या मागून येते. नव्या नियमांत शिशाची नळी असलेल्या घरी पाचव्या लिटरचाही नमुना घेणे त्यामुळेच आले.

म्हणून सकाळी नळ काही मिनिटे वाहू द्यावा, असा सल्ला येथे सर्रास दिला जातो. लातूरच्या माणसाला तो पाळणे किती जड जाते, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्यापूर्वीच टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू झाली होती. ते पाहिलेल्या माणसाच्या हातून चांगले पाणी मोरीत जात नाही. आम्ही सकाळचे पहिले पाणी बादलीत धरतो आणि फरशी पुसायला किंवा कपड्यांना वापरतो. पिण्यासाठी शिसे काढण्याचे प्रमाणपत्र असलेला फिल्टर लावला आहे. येथे आलेल्या आपल्या मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगतो: चहासाठी गरम पाण्याचा नळ उघडू नका, कारण गरम पाण्यात शिसे अधिक विरघळते. पाणी उकळल्यानेही ते जात नाही. पाणी आटते आणि शिशाचे प्रमाण उलट वाढते.

उकळण्यावरचा आपला विश्वास मात्र आपल्या जागी योग्य आहे, कारण लातूरकडचा धोका वेगळा आहे. मांजरा धरणाचे पाणीही शुद्ध होऊनच शहराकडे निघते. पण पुरवठा दिवसांच्या अंतराने होतो आणि मधल्या काळात नळ्या रिकाम्या असतात. दाब नसला की शेजारच्या नालीतले पाणी गळक्या सांध्यांतून आत ओढले जाते, आणि त्यातच कोणी टिल्लू लावली की ती ओढ आणखी वाढते. पावसाळ्याच्या सुरुवातीला गॅस्ट्रो आणि कावीळ पसरण्यामागे हे एक मोठे कारण असते. नळ आल्यावर पहिले गढूळ पाणी सोडून देण्याची आपल्या आई-आज्यांची पद्धत त्यामुळे अगदी शास्त्रशुद्ध आहे. ज्या दाबाचे मला येथे अप्रूप वाटते, तो केवळ सोयीचा नाही. चोवीस तास भरलेल्या नळीत बाहेरची घाण सहसा शिरू शकत नाही. शिवाय भरून ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन दिवसागणिक उडून जातो, त्यामुळे चौथ्या दिवशी पिंपातले पाणी नळाच्या पाण्याइतके सुरक्षित राहत नाही.

मध्यंतरी लातूरहून दादाचा फोन आला. आरओ यंत्र विकणाऱ्याने घरी येऊन बोअरच्या पाण्यात वीज जोडलेल्या दोन कांड्या बुडवल्या, पाणी तपकिरी झाले आणि वहिनी घाबरल्या. "दादा, तो रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हता, त्या लोखंडी कांड्यांचाच होता," असे मी सांगितले. क्षार असलेल्या पाण्यातून वीज गेली की कांडी झिजते आणि रंग येतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्याने ते तसेच राहते. टीडीएस मीटरही फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत, आणि शिकागोतील शिसेही दिसले नसते.

तरीही बोअरबद्दलची शंका निराधार नाही. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा उद्भव नसल्यास दीडपर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. नांदेड जिल्ह्यातील काही गावांनी जास्त फ्लोराइडमुळे दात आणि हाडे यांचे विकार भोगले आहेत, तर शिकागोत दातांसाठी तेच फ्लोराइड ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास मुद्दाम घातले जाते. नायट्रेट शेतातील खतांतून आणि शोषखड्ड्यांतून उतरते, आणि तान्ह्या बाळांना ते विशेष घातक असते. ही दोन्ही उकळून जात नाहीत. त्यांच्यासाठी आरओ उपयोगी आहे, पण तो एक लिटर पाण्यामागे सहज दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, आणि लातूरमध्ये ही किंमत लहान नाही.

म्हणून दादाला सुचवले की यंत्र घेण्याआधी बोअरचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घे, आणि फ्लोराइड, नायट्रेट व कठीणपणा हे तीन आकडे लेखी माग. नळाच्या पाण्यासाठी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचे थेंब पुरतात: पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही झाले तर उकळावे किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) घालावे. नमुना टाकीजवळच्या नळाचा घेऊ नये. गल्लीच्या टोकाला, जेथे पाणी सर्वांत शेवटी पोहोचते, त्या घरचा घ्यावा.