कॅरोलाइन क्वायनर, नोंद तिसरी: साटंलोटं आणि एक राहिलेला रकाना

‘लिटल हाउस’ पुस्तकांची अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर, तिच्या आईचं माहेर शोधायला घेतलंय, हे मागच्या नोंदीत सांगितलंच. कॅरोलाइन लेक क्वायनर, जन्म १२ डिसेंबर १८३९, ब्रुकफील्ड, विस्कॉन्सिन. प्रसिद्ध लेखिकेची आई, म्हणजे सगळं आयतं मिळेल असं वाटलं होतं. लेकीचं मिळतं. आईच्या माहेराकडे वळलं की कागद विरळ होत जातात.

पहिली ठेच काउंटीची. ब्रुकफील्ड आज वॉकशा काउंटीत, म्हणून दोन संध्याकाळी तिथलंच जमिनीचं दफ्तर चाळलं. ती काउंटी मुळात १८४६ साली मिलवॉकीतून फुटून निघालेली! पालघरवाल्यांच्या पणजोबांचा कागद ठाण्यात शोधायचा हे मला कळतं, परमुलखात मात्र तेच डोकं चाललं नाही.

मग आडनाव. १८४०च्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. गुलामगिरीतले लोक वगळता घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं ते १८५० पासून. पण तोवर वडील हेन्री मिशिगन सरोवरात जहाजासह बुडाले होते (१८४५), आणि आई शार्लटने १८४९ साली फ्रेडरिक होलब्रुकशी लग्न केलं होतं. दहा वर्षांची कॅरोलाइन क्वायनर म्हणून शोधायची की होलब्रुक? मी दोन्ही शोधते. लिहिणाऱ्यांनी ‘क्वायनर’चं स्पेलिंग किती तऱ्हांनी केलं असेल, ते विचारू नका.

खरी गंमत लग्नांत. कॅरोलाइनचं चार्ल्स इंगल्सशी लग्न झालं १ फेब्रुवारी १८६० रोजी, कॉन्कॉर्डला. तिचा भाऊ हेन्री याची बायको पॉली, म्हणजे चार्ल्सची बहीण. तिची बहीण एलायझा दिली चार्ल्सचा भाऊ पीटर याला. चक्क साटंलोटं, वर एक जादा! सॉफ्टवेअरने रेघांचा असा गुंता केला की बघवेना, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, कझिन. शेवटी पाठकोरा कागद घेतला आणि मराठीत लिहून काढलं. हेन्री-पॉलीची मुलं लॉराची मामेभावंडं आणि आतेभावंडंही. एलायझा-पीटरची मावसभावंडं आणि चुलतभावंडंही. दहा मिनिटांत सुटलं. आता माझ्या वंशवृक्षात प्रत्येक नावापुढे हेच शब्द आहेत.

शार्लटचं माहेर टकर. त्या वाटेला अजून गेले नाही, कारण मध्येच फ्रेडी आडवा आला. कॅरोलाइनचा एकुलता मुलगा, जन्म १ नोव्हेंबर १८७५, मृत्यू २७ ऑगस्ट १८७६. १८७०च्या जनगणनेनंतर आला, १८८०च्या आधी गेला. दक्षिण मिनेसोटात कुठेतरी पुरलाय, थडगं सापडलेलं नाही. पण १९००च्या जनगणनेत बायकांना विचारलं होतं, मुलं किती झाली आणि हयात किती. कॅरोलाइन तेव्हा साउथ डकोटातल्या डी स्मेट गावात राहायची; तिथल्या पानावर तिच्या नावापुढे ५ आणि ४ असायला हवेत. आज रात्री ते पान उघडणार आहे.