तुम्ही विचारलंत म्हणून : खात्री नसलेलं मुलांना कशाला?

पालकसभेत, नाहीतर बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी घेताना कुणीतरी हटकतंच : "शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग हवामानबदल पोरांना कशाला शिकवता, बाई?"

एकमत नाही, खरंय. पण कशावर नाही?

मी फळ्याच्या मधोमध रेघ मारते. डावीकडे पक्कं. कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वी तापते, हे अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ सालीच आकडेमोड करून मांडलं. हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर १९५८ पासून हवेतल्या या वायूचं मोजमाप चालू आहे. तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर. यात घासाघीस नाही. उजवीकडे अजून शोधताहेत ते : हा वायू दुप्पट झाला तर पारा किती चढेल? १९७९ मध्ये उत्तर होतं दीड ते साडेचार अंश. २०२१ मध्ये अडीच ते चार. "बेचाळीस वर्षांत एवढंच?" म्हणून वर्ग हसतो. मग मी ढगांवर येते. ढग ऊन अडवतात आणि उष्णताही धरून ठेवतात. घोडं मुख्यतः तिथेच अडलंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमची विश्वामित्री नदी घराघरांत शिरली, मगरी रस्त्यावर आल्या. शाळा उघडल्यावर एकाने विचारलं, "बाई, हा हवामानबदलच ना?" 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे डावीकडचं. पण नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, बुजवून बांधलेल्या इमारतींचं काय? आणि बडोदं १९२७ मध्येही बुडालं होतं. आमच्या घरात त्या पुराच्या गोष्टी अजून निघतात. म्हणून २०२४ चा पूर मी रेघेवरच लिहिला.

हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २००७ च्या अहवालात छापलं गेलं आणि २०१० मध्ये चूक कबूल करावी लागली. हेही सांगते. "अशाने मुलांचा विश्वास उडेल," असं एक सहकारी म्हणाल्या. मला उलट वाटतं. मी लपवलं आणि पोराला ते मोबाइलवर सापडलं, तर डावीकडचंही पुसलं जाईल.

अडतं ते परीक्षेत. चार पर्यायांत 'रेघेवर' हा पर्याय नसतो. गेल्या वर्षी एका मुलीने 'बरोबर' आणि 'चूक' यांच्या मधोमध टिंब दिलं. मी अर्धा गुण दिला. तिची आई भांडायला आली, उरलेल्या अर्ध्यासाठी.