एवढ्या लांबचे कळते कसे?

व्याधाचा तारा आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे, हे वाक्य मी शाळेत पाठ केले होते आणि परीक्षेत ते लिहून गुणही मिळवला होता. हे अंतर कोणी मोजले आणि कशाने मोजले, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षे मनात आलाच नाही. आला तेव्हा जाणवले, की आकाशाबद्दल माझ्याजवळ असलेली बहुतेक माहिती अशीच होती: सूर्याचे तापमान इतके, गुरूचे वस्तुमान तितके. आकडा कोणत्या वाटेने आला हे ठाऊक नसेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवणे आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणे यांत फारसे अंतर राहत नाही. ती वाट शोधण्यात मला जो आनंद मिळाला, त्यातला काही भाग इथे लिहून ठेवत आहे.

भूगर्भशास्त्रज्ञाला दगड फोडून पाहता येतो, रसायनशास्त्रज्ञाला पदार्थ परीक्षानळीत घालून तापवता येतो. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला शतकानुशतके फक्त प्रकाश मिळत आला. तो कोणत्या दिशेने येतो, किती येतो, कोणत्या रंगांचा आहे आणि काळानुसार त्यात काय बदल होतो, एवढेच काय ते पाहता येते; आणि ताऱ्यांविषयी आपल्याला जे कळले आहे, त्यातला फार मोठा भाग या चार गोष्टींतूनच निघालेला आहे.

ग्रहांची ओळख आधी पटली, कारण ते जागा बदलतात. त्यातही मंगळ महिनोन्‌महिने पूर्वेकडे सरकत असताना मध्येच थबकतो, काही आठवडे उलटा चालतो आणि पुन्हा सरळ होतो. यालाच आपण ग्रह वक्री झाला असे म्हणतो. पृथ्वी आतल्या कक्षेतून अधिक वेगाने जाते आणि साधारण दर २६ महिन्यांनी मंगळाला मागे टाकते. शेजारच्या रुळावरची संथ गाडी आपल्या गाडीतून पाहताना जशी मागे जाताना दिसते, तसाच हा भास आहे. तरीही ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार मानून केलेले गणित प्रत्यक्ष आकाशाशी पुरते जुळत नव्हते. टायको ब्राहेने दुर्बिणीच्या आधीच्या काळात, नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या मंगळाच्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या आणि त्याच्या गणितात व त्या नोंदींत ८ कलांचा फरक उरला. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला भरते, म्हणजे हा फरक चंद्रबिंबाच्या पावपटीहून थोडा जास्त होता. दुसरा कोणी असता तर त्याने निरीक्षणाची चूक म्हणून तो सोडून दिला असता. टायकोच्या हातून एवढी चूक होणार नाही या खात्रीने केप्लरने आपले वर्तुळच टाकून दिले आणि कक्षा लंबवर्तुळाकार असते हे १६०९ मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या मोजमापावर एवढी निष्ठा ठेवल्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच, ७ जानेवारी १६१० रोजी, गॅलिलिओने गुरूच्या शेजारी तारकांसारखे तेजस्वी ठिपके पाहिले आणि पुढच्या काही रात्रींत ते गुरूभोवती फिरणारे चार चंद्र असल्याचे त्याच्या लक्षात आले. हे चंद्र आज अगदी साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. मी एका हिवाळ्यात सलग सतरा रात्री त्यांची रेखाटने काढली. वहीच्या प्रत्येक ओळीत मध्यभागी एक लहान वर्तुळ, त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके आणि समासात वेळ. पहिल्या दोन-तीन रात्री कोणता ठिपका कोणता हे काहीच उमगत नव्हते. आठवड्याभरात मात्र सर्वांत लांब जाणारा कॅलिस्टो ओळखू येऊ लागला, आणि सतराव्या रात्री तो जवळजवळ पहिल्या रात्रीच्याच जागी परत आलेला दिसला. त्याचा आवर्तनकाळ १६.६९ दिवसांचा आहे हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्याच वहीत तो परतलेला पाहणे वेगळे.

या एका चंद्रावरून गुरूचे वस्तुमान काढता येते. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार मधल्या गोलाचे वस्तुमान हे त्याच्याभोवती फिरणाऱ्या चंद्राच्या अंतराचा घन भागिले आवर्तनकाळाचा वर्ग या प्रमाणात असते. कॅलिस्टो गुरूपासून सुमारे १८ लाख ८३ हजार किलोमीटरवर आहे, आपला चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे अंतर ४.९ पट आणि त्याचा घन सुमारे ११७.६. आपल्या चंद्राला फेरीसाठी २७.३२ दिवस लागतात, म्हणजे कॅलिस्टोच्या १.६४ पट, आणि त्याचा वर्ग सुमारे २.६८. दोहोंचा गुणाकार ३१५ येतो. गुरूचे स्वीकृत वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. राहिलेला फरकही निष्काळजीपणाचा नाही: आपला चंद्र पृथ्वीच्या ८१ व्या हिश्श्याइतका जड असल्यामुळे या गणितात पृथ्वीबरोबर त्याचेही वजन धरावे लागते, आणि ते धरले की उत्तर ३१८ च्या घरात जाऊन बसते. कागदावर हे उतरल्यावर मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो होतो.

ताऱ्यांचे काम याहून अवघड, कारण ते जागचे हलत नाहीत असेच वाटते. हात लांब करून अंगठा धरावा आणि आधी एक, मग दुसरा डोळा मिटावा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा सरकलेला दिसतो. याला पराशय म्हणतात. दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोके घ्यावीत, म्हणजे सहा महिन्यांच्या अंतराने एकच तारा पाहावा, तर जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकायला हवा. टायकोला असे सरकणे दिसले नाही, आणि तारे इतके अचाट दूर असतील हे न पटल्यामुळे त्याने पृथ्वी स्थिर मानली. त्याचा तर्क चोख होता, फक्त अंतराचा अंदाज तोकडा पडला.

ते सरकणे १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेलने मोजले. हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय त्याला सुमारे ०.३१ विकला मिळाला. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. एक सेंटिमीटर रुंदीची वस्तू साडेसहा किलोमीटरवरून जेवढी दिसेल, तेवढा हा कोन, आणि तोही वर्षभरातल्या अनेक रात्रींच्या नोंदींतून, दुर्बिणीच्या व हवेच्या दोषांचा हिशेब करून काढलेला. आज याच ताऱ्याचे अंतर ११.४ प्रकाशवर्षे मानतात. बेसेलचे उत्तर त्याच्या दहा टक्क्यांच्या आत होते. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया या युरोपीय अवकाशयानाने हेच तंत्र वापरून शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय नोंदवले. शाळेत पाठ केलेले व्याधाचे ८.६ हेही पराशयातूनच आलेले आहे.

अंतर कळले की बाकीची कुलुपे उघडू लागतात. दुप्पट अंतरावरून दिव्याचा उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणून दिसणारे तेज आणि अंतर यांवरून ताऱ्याचे खरे तेज काढता येते. सूर्य उचलून व्याधाच्या अंतरावर ठेवला तर तो साधारण ध्रुव ताऱ्याएवढा दिसेल. व्याध त्याहून कितीतरी झगझगीत दिसतो, कारण तो मुळातच सूर्याच्या सुमारे २५ पट तेजस्वी आहे.

मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजेच बीटलज्यूज, आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य हे दोन तारे एकापाठोपाठ पाहावेत. पहिला निखाऱ्यासारखा तांबूस आणि दुसरा निळसर पांढरा आहे. लोखंड तापवताना ते आधी लाल, मग पिवळे आणि शेवटी पांढरे होते, त्याच न्यायाने रंगावरून पृष्ठभागाचे तापमान कळते: काक्षीचे सुमारे ३,५०० केल्विन, सूर्याचे ५,८०० आणि राजन्याचे १२,००० च्या आसपास. तापमान निम्मे झाले तर पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून निघणारी ऊर्जा सोळावा हिस्सा होते. मग सूर्याहून थंड असलेला काक्षी एकूण तेजात सूर्याला हजारो पटींनी मागे टाकतो, याचा अर्थ त्याचा पृष्ठभागच प्रचंड असला पाहिजे. तो सूर्याच्या जागी असता तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात गेली असती. नवल असे, की या आकारामुळेच त्याचे अंतर नीट मोजता येत नाही: त्याचे बिंब त्याच्या पराशयापेक्षा कित्येक पटींनी मोठे आहे आणि त्या बिंबावरचे उजळ-काळसर पट्टे बदलत राहतात, त्यामुळे मोजायचा मध्यच हलतो. म्हणून त्याचे अंतर ५०० ते ७०० प्रकाशवर्षे असे मोघम दिले जाते. कोणी एकच ठाम आकडा सांगितला तर मी सावध होतो.

१८३५ मध्ये ओग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिले होते, की ताऱ्यांचे आकार, अंतरे आणि गती कधीतरी कळतील, पण त्यांची रासायनिक घडण कधीही कळणार नाही. त्या वेळी हे म्हणणे वाजवीच होते. उत्तर मात्र त्याच्याही आधी, १८१४ पासून, लोकांच्या डोळ्यांसमोर होते. योझेफ फ्राउनहोफरने सूर्यप्रकाश लोलकातून नेला तेव्हा त्या रंगीत पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, त्याला शेकडो बारीक काळ्या रेषा दिसल्या आणि त्याने त्या मोजून, नावे देऊन ठेवल्या. त्या कशाच्या, हे १८५९ च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी उलगडले. चिमूटभर मीठ ज्योतीत टाकले की ज्योत पिवळीधमक होते. तिचा वर्णपट पाहिला तर त्यात दोन पिवळ्या रेषा अगदी चिकटून उभ्या दिसतात. फ्राउनहोफरच्या यादीतील दोन काळ्या रेषा नेमक्या त्याच जागी होत्या. तापलेले सोडियम जो रंग बाहेर टाकते, तोच रंग ते मागून येणाऱ्या प्रकाशातून गिळून घेते. म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे. एका ज्योतीने कोंतचे म्हणणे निकालात काढले. १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात एक अशी पिवळी रेषा आढळली जी कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. तिच्या धन्याला हेलियम हे नाव मिळाले आणि पृथ्वीवर तो वायू हाती लागायला १८९५ साल उजाडले.

मात्र रेषा ठळक म्हणजे ते द्रव्य जास्त, असा सोपा अर्थ लावणे चुकीचे ठरले. कोणत्या तापमानाला कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले, असतील, याचे सूत्र मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. ते वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या आपल्या प्रबंधात दाखवले, की रेषांची भिन्नता मुख्यतः तापमानामुळे आहे, आणि हिशेब केला तर तारे जवळजवळ सर्वस्वी हायड्रोजन आणि हेलियम यांचे बनलेले निघतात. तोवर सूर्याची घडण पृथ्वीच्या कवचासारखीच असावी, असा समज होता. हेन्री नॉरिस रसेल या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून पेन यांना स्वतःच्याच निष्कर्षाबद्दल, हा बहुधा खरा नसावा, असे प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरावर पोहोचले आणि त्यांनी पेन यांचे काम मान्य केले. पंचविशीतल्या एका स्त्रीने विश्वातील सर्वांत विपुल द्रव्य ओळखले होते, आणि तिला ते खोडून लिहावे लागले, हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटते. तारा हायड्रोजनचा आहे हे कळल्यावर तो जळतो कशावर याचाही छडा लागला: गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यात थोडे वस्तुमान ऊर्जेत बदलते. एडिंग्टन यांनी १९२० मध्ये सुचवलेल्या या कल्पनेचा तपशील १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी मांडला.

याच रेषांनी आपल्याला पुन्हा ग्रहांकडे आणले. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या रेषा किंचित निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही त्याच्या ओढीने जागच्या जागी लहानसे वर्तुळ घेतो, म्हणून त्याच्या रेषा ठरावीक काळाने इकडे-तिकडे होतात. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याच्या रेषा ४.२३ दिवसांच्या तालात डोलताना पकडल्या. ताऱ्याचा तो वेग सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ मीटर, म्हणजे रेषांची सरक पन्नास लाखांत एक भाग एवढीच. त्यावरून निघालेला ग्रह किमान गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा होता आणि ज्या सूर्यप्रदक्षिणेला आपल्या गुरूला बारा वर्षे लागतात, तशी आपल्या ताऱ्याची प्रदक्षिणा सव्वाचार दिवसांत पुरी करत होता. आता अशा परताऱ्यांच्या ग्रहांची संख्या पाच हजारांपलीकडे गेली आहे. त्यांतले बहुतेक, ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किंचित कमी होतो यावरून सापडले.

५१ पेगासी शोधायचा असेल तर पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे मनातल्या मनात जोडावेत आणि त्या रेषेच्या मध्याजवळ, किंचित पश्चिमेला पाहावे. आकाश खरोखर काळे असेल तर तो नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसतो, द्विनेत्रीतून सहज. एक फिकट पिवळसर ठिपका, पन्नास प्रकाशवर्षांवरचा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा वहीच्या ओळीत नेहमीप्रमाणे मध्ये ठिपका काढला, समासात वेळ लिहिली, आणि शेजारची जागा रिकामी सोडली.