देवयानीतला एक अंधुक तारा
कार्तिकी अमावास्या असल्याने काल रात्री गुहागरच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनापलीकडे, चांगला अंधार होता. पश्चिमेला क्षितिजावर मासेमारी बोटींचे पांढरे दिवे तेवढे त्रास देत होते. देवयानी तारकासमूहातल्या मिराक आणि अल्माक या ठळक ताऱ्यांच्या दरम्यान, अल्माकच्या काहीसा जवळ, अप्सिलॉन अँड्रोमिडा हा स्वतःभोवती ग्रह असलेला अंधुक तारा नजर सरावल्यावर नुसत्या डोळ्यांनी सापडला. "दादा, ग्रह दिसतात का?" असे मामेभावाने विचारले. ग्रह अर्थातच दिसत नाहीत, दुर्बिणीतूनही नाहीत. ते ताऱ्याला किंचित मागेपुढे ओढतात आणि त्यामुळे त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या) रेषा जागच्या हलतात, त्यावरून ते ओळखले गेले.

सुमारे 44 प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ताऱ्याचा पहिला ग्रह 1996 मध्ये आणि आणखी दोन 1999 मध्ये सापडले, आणि सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीही अनेक ग्रहांचे कुटुंब असते हे प्रथमच सिद्ध झाले. आतला ग्रह जेमतेम साडेचार दिवसांत प्रदक्षिणा संपवतो, मधल्याला सुमारे 241 दिवस लागतात, तर बाहेरच्याला साडेतीन वर्षे. मला सर्वांत नवल वाटते ते 2010 मध्ये हबल दुर्बिणीच्या मदतीने कळलेल्या गोष्टीचे: आपले ग्रह जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, पण तिथल्या बाहेरच्या दोन ग्रहांच्या कक्षा एकमेकींशी सुमारे 30 अंशांनी कललेल्या आहेत. पूर्वी एखादा ग्रह या कुटुंबातून बाहेर फेकला गेला असावा आणि त्या ओढाताणीत कक्षा कलल्या असाव्यात, असा एक तर्क आहे, आणि मला तो पटतो.