काठी देखणीच हवी

डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली की आपण मान डोलावतो, काठी आणतो आणि दाराआड उभी करतो. ती तिथंच राहते. गुडघा कुरकुरत असतो, पण भिंत, कठडा, सोबतच्या माणसाचा खांदा असं काहीबाही धरून आपण वेळ मारून नेतो. लोक याला हट्ट म्हणतात. मी म्हणते, निम्मा दोष त्या काठीचा. राखाडी नळी, तिच्यावर भोकांची रांग, वर काळी प्लॅस्टिकची मूठ. हातात घेतली की माणूस आजारी नसला तरी आजारी दिसतो. चष्म्याची फ्रेम निवडताना आरशापुढून न हलणारे आपण, काठी मात्र मिळेल ती उचलतो.

राजेलोक असं करत नसत. 1922 मध्ये इजिप्तचा पोरसवदा राजा तुतनखामेन याची कबर सापडली, तिच्यात सुमारे 130 काठ्या निघाल्या. त्याच्या पायात व्यंग होतं, असं 2010 मध्ये ममीच्या तपासणीवरून काही संशोधकांनी मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. ते काही असो, त्या ढिगातली एकच काठी मला हवीशी वाटते. आहे साध्या बोरूची, सोन्यात मढवलेली, आणि महाराजांनी ती स्वतःच्या हातानं कापली असं तिच्यावर कोरलेलं आहे. सोनार दिमतीला असताना पोराला कौतुक कशाचं, तर आपण कापलेल्या बोरूचं!

देखणेपण मात्र लांबीपासून सुरू होतं. नेहमीच्या चपला-बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. मनगटावर जिथं घडी पडते तिथंवर मूठ यावी. मग काठी टेकल्यावर कोपर 20 ते 30 अंशांत वाकतं आणि भार नीट पेलतं. लांब काठीनं खांदा वर चढतो, आखूड काठीनं माणूस पुढं झुकतो, आणि झुकलेल्या माणसाच्या हातात चंदनाची काठी दिली तरी ती केविलवाणीच दिसते. शिवाय काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. सिनेमातले म्हातारे सर्रास उलट धरतात, ते सोडून द्या.

लाकूड निवडायचं तर काठी डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं बघावं. बाक तिथंच कळतो. लाकडातल्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ धावत असतील तर काठी मजबूत. मध्येच तिरक्या होऊन कडेला निघून जात असतील तर ती नेमकी तिथंच दगा देते. वेत हलका आणि चिवट. ॲश, हेझल, चेस्टनट ही युरोपातल्या काठ्या करणाऱ्यांची लाडकी लाकडं. हेझलची एक गंमत आहे. कोवळ्या फांदीला हनीसकलचा वेल विळखा घालतो, फांदी जाड होत जाते, वेल काही सैल होत नाही, आणि काही वर्षांनी फांदीवर स्क्रूसारखे खोल पीळ पडतात. अशी फांदी दिसली की काठीवाल्यांचे डोळे चमकतात. कुणी कोरून असे पीळ पाडतंही, पण त्यात ती हिसकाहिसकी दिसत नाही.

स्वतः करायची हौस असेल तर फांदी हिवाळ्यात तोडावी, तेव्हा तिच्यात रस कमी असतो. मग सावलीत ठेवून द्यावी. इंचभर जाडीला वर्षभर, हा जुना हिशेब. इथंच बहुतेकांचा उत्साह ओसरतो. घाई करून उन्हात टाकली तर टोकांना चिरा पडतात. वाळली की जमल्यास साल तशीच ठेवावी, कारण कुठल्याही रोगणापेक्षा सालीचा रंग चांगला असतो. वर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, एक पुरता वाळल्यावर दुसरा. रंगवायचीच असेल तर पांढरी रंगवू नये. अपघातात दृष्टी गेलेल्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी 1921 मध्ये वाहनवाल्यांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी केली. ती ओळख आता अंधांची आहे, आपण हौसेपायी ती घेऊ नये.

मुठीच्या बाबतीत मी कडक आहे. पितळी सिंह, गरुड, घोड्याची डोकी दुकानात उठून दिसतात, पण आयाळ तळहातात रुतते आणि थंडीत पितळ हाताला चटका देतं. गोल गोळा नुसता मिरवायला ठीक, त्याच्यावर भार टाकता येत नाही. भार टाकायचा तर आडवी, तळव्याला भरून राहणारी लाकडी मूठ, बोटं दुखत असतील तर आणखी रुंद. खालची रबरी टोपी कुणी कौतुकानं बघत नाही, पण तिच्यावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ओल्या फरशीवर ती सरळ घसरते. ती बदलत राहायची.

एवढं सगळं जुळवूनही आडव्या मुठीची काठी टेबलाला टेकवली की धाडकन पडते. उचलायला वाकायचं, म्हणजे ज्यासाठी काठी घेतली तेच गुडघे पुन्हा कामाला लागणार. चार्ली चॅप्लिननं 1914 मध्ये पडद्यावर आणलेली ती वळवलेल्या मुठीची काठी निदान मनगटावर अडकवता तरी येते. चालताना आडवी, बसताना वळलेली अशी मूठ कुणी काढली, तर मी पहिली गिऱ्हाईक.