मीटिंग निवडायची तर आधी शेवटची एसटी बघा

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संगत. तिची मीटिंग शोधत कुणी आला की मी आधी त्याला गावी परतायची शेवटची एसटी किती वाजता ते विचारतो. ग्रुपची गोष्ट नंतर. मीटिंग बहुधा संध्याकाळी असते, तास-दीड तास चालते. ती ७ ला सुरू होणार आणि गाडी साडेसातला सुटणार, तर माणूस दोनदा येतो, घड्याळाकडे बघत बसतो, तिसऱ्यांदा येत नाही. त्यापेक्षा ४० किलोमीटरवरचा, पण रविवारी दुपारी भरणारा ग्रुप बरा. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी मीटिंग असेल तर फारच उत्तम. पिशवी हातात असली की कुठे चाललास म्हणून कुणी विचारत नाही.

पण सकाळी डोळा उघडल्याबरोबर ज्याला लागते, ज्याचे हात थरथरतात, त्यानं मीटिंगच्या आधी डॉक्टर गाठावा. अशा माणसानं एकदम बंद करून घरी पडून राहणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. झटके आले तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत. भास होणं, बडबडणं, घरच्यांना न ओळखणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि नेमके तेच दिवस "बाहेरचं लागलं" म्हणत मांत्रिकाकडे वाया जातात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात यावर गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. घरच्यांनी चहातून चोरून दारू सोडायचं औषध मात्र देऊ नये. त्यातल्या काही गोळ्यांवर दारू पोटात गेली की माणूस गंभीर होतो.

पत्ता शोधताना गोंधळ होतो तो नावांचा. महिन्याला हजारो रुपये घेऊन भरती करणारं व्यसनमुक्ती केंद्र वेगळं, एए वेगळी. एएत फी नाही, अर्ज नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन उपचाराची जागा सांगते, ग्रुपचा पत्ता सांगेलच असं नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाला विचारावं, कारण एएचे लोक दवाखान्यांतून संपर्क ठेवतात. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेचे कार्यकर्ते तालुक्याला क्लिनिक चालवतात, गावात शिबिरं घेतात. ती एए नव्हे, पण जवळचा पहिला दरवाजा म्हणून चांगली. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून तिथल्या पिणाऱ्याला वाटतं की मीटिंगला गेलो तर पोलिसांत नाव जाईल. मीटिंगमध्ये हजेरीपटच नसतो, तर नाव जाणार कुठून?

यादीत छापलेली वेळ खरी धरून निघू नका. खोली बदललेली असते, सोयाबीन सोंगणीत लोक येत नाहीत, कधी चावी ज्याच्याकडे तोच बाहेरगावी असतो. निघायच्या दिवशी फोन करून विचारा: आज आहे का, किती ते किती, शाळेची कोणती खोली, कुलूप कोण उघडतो, मीटिंग खुली की बंद? खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, कुणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. घरच्यांसाठी अल-अनॉन ही निराळी संगत आहे, पण खेड्यांजवळ ती क्वचितच सापडते. म्हणून वहिनींनी खुल्या मीटिंगला यावं.

आत फक्त पहिलं नाव सांगायचं. आडनाव नको, गाव नको. "भाऊ, मी आज नुसता ऐकतो" म्हटलं तरी चालतं. एक बोलताना दुसरा मधे तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. नव्याला हे विचित्र वाटतं. शेवटी पिशवी फिरते, १०-२० रुपये टाकतात, नव्यानं टाकायची गरज नाही. प्रार्थना ऐकून कुणी बिचकतो, पण बारा पायऱ्यांमधला, म्हणजे एएच्या दारू सोडायच्या वाटेतला देव ज्याला जसा समजेल तसा, त्यावर वाद घालायला तिथे वेळ नसतो. पिऊन आलेल्याला बहुधा हाकलत नाहीत, गप्प बसवतात.

पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंगा हा सल्ला शहरातला. आपल्याकडे आठवड्यात एक प्रत्यक्ष, आणि मधल्या दिवसांत मोबाइलवरची, तीही गच्चीवर रेंज मिळाली तर. स्पॉन्सर म्हणून रोज फोन घेणारा जुना माणूस धरावा. फोनची खरी गरज दोनदा पडते: पोळ्याची कर आणि कापसाचा चुकारा हातात पडतो तो दिवस. चुकाऱ्याच्या दिवशी पैसे घरच्यांकडे देऊन मगच बाहेर पडावं, आणि सोबत न पिणारा असावा.

जवळ ग्रुप नसलाच तर दोन-तीन जण मिळून स्वतःचा ग्रुप धरता येतो, एएच्या परंपरेतच ती मुभा आहे. समाजमंदिराची खोली, ठरलेला वार, चहाची किटली, आणि चावी दोघांकडे.